सोकोरोबाईंनी वाटलेली रोपं

सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात सोकोरोबाईंना न ओळखणारं घर नसेल. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच नेम धरला. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि बायकांच्या हातात कॉफीच्या रिकाम्या डब्यात लावलेलं रोप ठेवायचं. रोप हळदीकुंकू नावाचं, रुईच्या कुळातलं, लाल-पिवळ्या फुलांचं. उत्तरेकडून मेक्सिकोला निघालेली केशरी मोनार्क फुलपाखरं त्यावर हमखास उतरत.

"गेलेली माणसं मृतांच्या सणाला याच पंखांवर येतात," बाई म्हणायच्या. "आपल्या दारात थांबू देत की चार दिवस."

आणि ती थांबायची. हे झाड इथल्या थंडीतही हिरवं राहतं, त्यामुळे नोव्हेंबरातला सण सरून नाताळ आला तरी फुलपाखरं बाईंच्या अंगणातच. आपली वारलेली आई अजून परत गेली नाही, या समाधानात बाई जपमाळ ओढायच्या.

मग एका हिवाळ्यात कोषातून चुरगळलेल्या पंखांची पाखरं निघू लागली. ती उडायची नाहीत, मातीत घसटत मरायची. बाईंनी ती क्रूसाची खूण करून झाडाखालीच पुरली. पुढच्या हिवाळ्यातही तेच. कुणाला बोलल्या नाहीत. रोपं वाटणं चालूच राहिलं.

यंदा शहराने वाचनालयाशेजारी फुलपाखरांची बाग केली, तेव्हा बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. बागखात्याच्या मारिसेलाने समजावलं, की या झाडामुळे फुलपाखरं पुढे जायचं सोडून इथेच अंडी घालतात, पानांवर रोगाची भुकटी साठते आणि कोषातून निघणाऱ्या पाखरांचे पंख उघडत नाहीत. थंडी लागली की झाड बुंध्यापासून छाटा. त्या जागी हिवाळ्यात आपोआप वाळणारी इथली रुई लावा.

"दोन्या सोकोरो, बायका तुमचं ऐकतात," बाईंना मानाने दोन्या म्हणत ती हळूच म्हणाली. "तुम्हाला तरी कसं कळणार होतं?"

बाईंनी शाल सारखी केली.

दुसऱ्या दिवशी त्या कात्री घेऊन निघाल्या. पहिल्या तीन घरी "शहराने सांगितलंय" एवढ्यावर भागलं. चौथं घर चायोचं. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला बाई धर्ममाता झालेल्या, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"माझा रेफुहियो जिवंतपणी कधी घरात टिकला नाही," चायो वारलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाली. "आता कुठे दारात बसतोय, तर तू कात्री घेऊन आलीस."

"झाडाला रोग आहे गं."

"तुला कधी कळलं?"

बाईंना शहराचं नाव घेता आलं असतं. जीभ वळली नाही. "पंख चुरगळलेली मी पुरत होते. दोन हिवाळे."

"आणि मला रोप दिलंस ते?"

"त्यानंतर."

चायोने कात्री काढून घेतली. "मी छाटते. तू हात नको लावूस."

एकेक फांदी पडत गेली, पांढरा चीक ओघळला. बाई नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी चायोने कात्री पुसून परत दिली, पण कोमाद्रे म्हणाली नाही.

"आधीच्या घरांत हे सांगितलंस?"

"नाही."

"मग जा."

बाई फाटकाबाहेर आल्या आणि पुढच्या घराकडे न जाता आल्या वाटेने मागे वळल्या.