चार प्लेटांचा सामायिक अर्ज

वसमतच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे अनेक आहेत. परंतु अर्ज वाचूनच साहेबांनी मान वर करावी, असे टेबल एकच आहे आणि त्यामागे मी बसतो. शाळा नववीत सुटली, हे खरे. तथापि ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ हे शब्द कोठे बसवावेत, हे मला कोणा पदवीधराने शिकवावे लागत नाही. त्यामुळे हट्ट्याच्या माझ्या घरावरील सोलार वाढविण्याची वेळ आली, तेव्हा ते काम मिस्त्रीवर सोपविण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

कारण अत्यंत निकडीचे होते. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि नातू झाला होता. घर पत्र्याचे. दुपारी लाइन गेली की छपरावरील दोन जुन्या, छोट्या प्लेटांवर एक पंखा तेवढा फिरे. कूलर चालत नसे. विहीणबाईंनी फोनवर निकाल सुनावला, “इवाई, रविवारी मी येऊन राहिले. लाइन गेल्यावर खोली थंड दिसली तर बरं, न्हाई तर मायलेकरं दोघं घिऊन जाईन.”

बाळाच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवत लेकीने माझ्याकडे पाहिले.

मी तडक वारंगा फाट्याला गेलो. तेथील दुकानातून दोन मोठ्या, काळ्याभोर प्लेटा आणि एक नवा कंट्रोलर, म्हणजे प्लेटांची वीज बॅटरीत रीतसर भरणारी पेटी, असा ऐवज घेतला. दुकानदार चाचा टेम्पोत सामान चढविताना म्हणाले, “साहेब, छोट्या प्लेटा जुन्याच पेटीवर राहू द्या. बड्या नव्या पेटीवर. एका लाइनीत बांधल्या तर छोटा चालंल तेवढंच बडा चालंल.”

मी मंद हसलो. सामायिक अर्जाचे सामर्थ्य चाचांना कोठून ठाऊक असणार? गावाच्या अर्जावर सरपंचाची लांबलचक सही आणि तिच्याखाली मजुराचा अंगठा उमटला की वजनाची बेरीज होते. हाच न्याय मी छपरावर लावला. चारही प्लेटा एका माळेत ओवल्या, माळेचे टोक नव्या पेटीस जोडले आणि जुनी पेटी सेवानिवृत्त करून कोनाड्यात ठेवली. सौभाग्यवतीने तत्काळ तिच्यावर बाळाच्या तेलाची बाटली मांडली.

शुक्रवारी लाइन गेली. मी स्वतःच्या हाताने कूलरचे बटण दाबले. पाते फिरले, गार वारा सुटला, लेकीने डोळे मिटले. आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टर टीं टीं करून गप्प झाला.

“नवी नवरी आणली, अन् चाल जुन्या म्हशीची,” सौभाग्यवती म्हणाली.

मी भर उन्हात छपरावर चढलो. वैतागाने दोन्ही छोट्या प्लेटा माळेतून काढल्या, मोठ्या दोघींच्या तारा एकमेकींना जोडल्या आणि खाली येऊन पेटीवरचा आकडा पाहिला. तो वाढला होता! चौघींपेक्षा दोघी जास्त वीज देत होत्या. मी पुन्हा चढलो, पुन्हा जोडल्या, आकडा खाली. काढल्या, आकडा वर. मला चक्क हसू फुटले. उड्या मारल्याने पत्रा दणाणत होता.

“लेकरू उठंल! काय करून राहिले वर?” खालून सौभाग्यवती ओरडली.

“अगं, छोट्यांनी मोठ्यांचे पाय धरून ठेवलेत!”

“मग वेगळं करा की! लोकायला रोज सांगता, रस्त्याचा अर्ज वेगळा, राशनचा वेगळा, एकात दोन मागण्या घालू नका. घरीच काहून इसरता?”

शिडीवर उभ्या उभ्या मी हा युक्तिवाद मान्य केला. तेलाची बाटली हलविण्यात आली. जुनी पेटी सेवेत पुन्हा रुजू झाली. छोट्या प्लेटा तिच्यावर, मोठ्या नव्या पेटीवर. दोन स्वतंत्र अर्ज, बॅटरी मात्र एकच.

रविवारी विहीणबाई आल्या आणि जणू त्यांच्याच हुकुमाने लाइन गेली. कूलर घुमत राहिला. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला, बाळाच्या मानेखाली बोट घालून पाहिले, कूलरसमोर पदर धरून पाहिला. मग “जरा पाठ टेकते” म्हणत आडव्या झाल्या आणि घोरू लागल्या. लेक तोंडावर पदर दाबून हसत होती.

ऊन उतरल्यावर त्या उठल्या. “माझी पिशवी कुठं हाय?”

लेकीने बाळ घट्ट धरले. विहीणबाईंनी पिशवी उघडली, पानाचा डबा काढला, दोन लुगडी काढली आणि खुंटीवर टांगली.

“मायलेकरं हितंच राहू द्या. सव्वा महिना व्हईस्तोवर मी बी राहते. आमच्याकडं दुपारची लई तकलीफ हाय, इवाई.”

सबब माझी बाज ओसरीवर आली. तेथे वारा नाही, पत्रा तापतो. रोज दुपारी मी कोऱ्या अर्जाची घडी करून वारा घेतो, खिडकीतून आतला कूलर ऐकतो आणि माझे मलाच हसू आवरत नाही.