चार पानं राहिली होती

दुसरीच्या बाईंना शिसारी पटकन यायची. मुलांच्या वाहत्या नाकांची नव्हे; ती तर सव्वीस वर्षं त्या स्वतःच्या रुमालाने पुसत आल्या होत्या. शिसारी यायची ती खोट्या कौतुकाची. वर्गात कुणी पाहुणा येऊन "वा वा, किती हुशार मुलं!" म्हणाला की बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहत.

त्यांची वाचन शिकवायची रीत साधी आणि जराशी दुष्ट होती. शेवटच्या तासाला त्या टेबलाशी उभ्या राहून गोष्ट वाचत. अस्वल पुलाच्या मधोमध आलंय, फळी कडकडतेय, वर्गाचा श्वास अडकलाय, की बाई पुस्तक फाटकन मिटत, टेबलावर ठेवत आणि फळा पुसायला लागत. "पुढे? बाई, पुढे काय झालं?" असा एकच गलका व्हायचा. "मला काय विचारता? ते काय तिथे पडलंय," असं बाई पाठमोऱ्याच म्हणत. मग ज्याला दम निघत नसे तो पुस्तकाशी जाई आणि अक्षराला अक्षर जोडत, घाम गाळत पुढचं पान वाची. "तुझी नोकरी शाळेत नाही, पुढच्या पानावर आहे," असं नवरा चिडवायचा. बाईंना ते फार आवडायचं, पण त्याला त्यांनी कधी कळू दिलं नाही.

यंदा ते अस्वलाचं पुस्तक मुंगीने उचललं. शब्दाखालून बोट इतकं सावकाश सरकवायची की वर्गाने तिचं नावच मुंगी ठेवलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला तिला सुटी अक्षरं तेवढी यायची, शब्द काही हाती लागायचा नाही. पण पुस्तक हातात घेतलं ते दोन महिने सोडलं नाही. मधल्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर बसून एकेक ओळ लढवायची आणि खूण म्हणून पानात पेन्सिलीचा तुकडा घालून ठेवायची. एकदा धापा टाकत आली.

"बाई, अस्वलाने पूल ओलांडला! मला कुणी सांगितलं नाही, मीच वाचलं!"

बाईंनी तिला हलकी टपली मारली आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. हे एक पुस्तक पोरीने आपलं आपण संपवलं, की मग तिला कुणाची गरज लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नेमका तेव्हाच मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, उपक्रम सुचला. वर्गावर्गात तक्ता लागला. पुस्तक वाचलं की नावापुढे एक चमचमती चांदणी, आणि घरून सही आली की पुस्तक वाचलं असं समजायचं. गोष्ट अर्ध्यात सोडायला बंदी, कारण म्हणे मुलं अस्वस्थ होतात. नवी पुस्तकं दोरीला चिमट्यांनी टांगली, तीही मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच. फोटोत तशी झकास दिसायची. पहिल्या बाकावरच्या एका पठ्ठ्याने आठ दिवसांत एकवीस चांदण्या मिळवल्या. बाईंनी विचारलं, "त्यातलं कुठलं आवडलं रे?" तो विचार करून म्हणाला, "निळं." बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. मुलावर काय रागावणार? त्याला हेच तर शिकवलं होतं.

मुंगीच्या नावापुढची जागा कोरीच होती. "आई म्हणते, संपलं की सही," ती सांगायची. त्यात तिला काही कमी वाटत नव्हतं.

मग एका दुपारी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "उद्या वरून साहेब येताहेत. दहा चांदण्यांच्या खाली एकही मूल दिसता कामा नये."

"ती पोर खरंखुरं वाचतेय हो. चार पानं राहिलीत फक्त."

"साहेब पानं तपासणार आहेत का? तक्ता बघतील, चहा घेतील आणि जातील." मोठ्या बाईंनी चांदण्यांचा कागद पुढे सरकवला. "आणि पुढच्या वर्षी दुसरीचा वर्ग कुणाला द्यायचा, ते मी ठरवते बरं का."

बाईंनी कागद उचलला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्या तक्त्याशी वाकल्या आणि मुंगीच्या नावापुढे दहा चांदण्या चिकटवल्या. नीट, एका रेषेत, कारण वाकडंतिकडं काम त्यांच्या हातून होतच नसे. बोटांना चमकी लागली. नळाखाली हात खसाखसा घासले तरी किळस जाईना. ती आता मोठ्या बाईंची राहिली नव्हती; स्वतःचीच किळस येत होती.

सकाळी मुंगी तक्त्यासमोर उभी राहिली. शब्द वाचावा तशी तिने एकेका चांदणीखालून बोट फिरवलं. मग दप्तरातून अस्वलाचं पुस्तक काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि आतला पेन्सिलीचा तुकडा काढून घेतला.

"अगं, चार पानं राहिली ना?"

"झालं की बाई माझं. दहा झाली!"

ती खूश होती. अगदी मनापासून खूश होती, आणि तेच बाईंना बघवेना.

साहेब आले. मुंगीचा गाल ओढून "शाबास, दहा पुस्तकं!" म्हणाले. टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. खिडकीकडे बघायचं त्यांना सुचलं नाही.

शेवटच्या तासाला मात्र त्यांनी बंदी गुंडाळून ठेवली. मुंगी थांबली होती तेच पान उघडलं आणि जीव ओतून वाचलं. अस्वल घराशी पोचलं, दार बंद होतं, आणि आतून कुणीतरी हुबेहूब त्याच्याच आवाजात विचारलं, "कोण आहे?" बाईंनी पुस्तक फाटकन मिटलं, मुंगीचा हात पोचेल असं टेबलाच्या कडेला ठेवलं आणि फळा पुसायला घेतला. पुसून झालेला फळा पुन्हा पुसला. मागे कुणी हू की चू केलं नाही.

शेवटी त्याच वळल्या. मुंगी दप्तराचा पट्टा लावत होती.

"मुंगे, आत कोण होतं ते बघायचं नाही तुला?"

"पण बाई, त्याची चांदणी मिळाली की मला," ती म्हणाली आणि घंटेची वाट बघू लागली.