अण्णांची वरणफळं

मुलुंडच्या श्यामकांत देवस्थळींना स्वयंपाकातला एकच पदार्थ येत असे, आणि तोही करायची वेळ महिन्यातून तीनच दिवस येई.

मुलांचे हे अण्णा विमा कंपनीत कारकून होते. आठाच्या सुमारास घर सोडायचे ते दिवेलागणीनंतर परत. माणूस सज्जन, पण अबोल. मुलं पुढ्यात आली की "अभ्यास झाला का?" यापलीकडे त्यांना शब्द सापडत नसे. नऊ वर्षांची नीला आणि सात वर्षांचा मधुकर "झाला" म्हणून पळत. चार वर्षांच्या शुभाला अजून अभ्यासच नव्हता, तरी तीही "झाला" म्हणे आणि त्यांच्यामागे धावे.

वसुधाबाई महिन्याला तीन दिवस बाजूला बसत. पन्नास सालच्या आसपास बहुतेक घरांत ही रीत होती. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बाजूला म्हणजे कुठे, तर दाराजवळच्या कोपऱ्यात घोंगडीवर. दुपारचं जेवण शेजारून येई; रात्रीचं श्यामकांतांकडे. ते साहेबाची परवानगी काढून तासभर लवकर येत, कोट खुंटीला अडकवत आणि स्टोव्ह पेटवत. नीलाने दुपारीच भिजत घातलेली डाळ चढवायची, ती शिजेतो कणीक भिजवायची. डाळ घोटून फोडणीला टाकायची, आमसूल, गूळ, गोडा मसाला, भरपूर पाणी. आणि खळखळून उकळी आली की त्यात पोळीचे तुकडे सोडायचे. आमटी आणि पोळी एकाच पातेल्यात. तासाभरात पानं वाढलेली.

"अहो, हिंग! हिंग राहिला!" कोपऱ्यातून हाक येई.

"घातला."

"वास आला नाही तो!"

"नाक तुझं, फोडणी माझी," श्यामकांत म्हणत. एरवी असं बोलणारा हा माणूस नव्हे.

पोळी लाटून झाली की ती मुलांच्या ताब्यात. नीला करंजीच्या कातण्याने चांदण्या कापे. मधुकर इंजिन कापे. ते उकळीत गेलं की फुगून बेडूक होई. शुभा नुसती बोटं रुतवी आणि त्याला हत्ती म्हणे. पानात कुणाचं फळ कुणाला आलं यावरून भांडणं होत. आणि हात कणकेत असले की श्यामकांतांची जीभ सुटे. टेबलावर डोकं टेकून झोपणारे हेडक्लार्क, त्यांच्या नाकावर बसलेली माशी, ती उठवायचं धाडस कोण करणार यावर लागलेली पैज. मुलं हसून लोळत. नीला मग आपण होऊन शाळेतलं सांगे. गणिताच्या बाईंची भीती वाटते हेही तिने तिथेच, पोळपाटापाशी सांगितलं.

एकदा शेजारच्या काकू बसल्या असताना मधुकरने विचारलं, "आई, तुला कावळा आता कधी शिवणार गं?" वसुधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग अक्का आल्या.

कुंदाअक्का म्हणजे श्यामकांतांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, सासरी संगमेश्वराला वीस वर्षं राबून काढली, आणि दिराने वाटण्या केल्या तेव्हा अक्कांच्या वाट्याला एक ट्रंक आली. ती घेऊन त्या भावाकडे आल्या त्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांचं झालं. हाताला चव होती. कामाची सवय सुटत नव्हती. आता वसुधाबाई बाजूला बसल्या तरी कुणाचं काही अडत नसे.

श्यामकांत पुन्हा उशिरा येऊ लागले. लवकर येऊन करायचं काय? हात धुवायचे, पानावर बसायचं, "अभ्यास झाला का?" विचारायचं. तीन महिने असे गेले. नीलाला गणितात कमी गुण पडल्याचं त्यांना प्रगतिपुस्तकावर सही करताना कळलं. तिने सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी वसुधाबाई बाजूला बसल्या तेव्हा ते लवकर आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"अक्का, आज मी करतो."

विळीवरचा अक्कांचा हात थांबला. "का रे? माझ्या हातच्या जेवणाला विटलात होय?"

"छे गं! तसं नव्हे."

"मग? घरात बाई असताना पुरुष चुलीपाशी? लोक तुला नाही हसायचे, मला हसतील. म्हणतील, भावाच्या घरी बसून खाते."

"बसून कसली खातेस? तू उभीच जेवतेस."

अक्का हसल्या नाहीत. श्यामकांतांनी चौकटीवरचा रंग नखाने खरवडला.

"अक्का, मला मुलांशी बोलता येत नाही. वरणफळं करायला बसलं की येतं. ती पण बोलतात. दुसरीकडे कुठे जमत नाही गं मला. हसायचं असलं तर हास."

अक्का पुन्हा विळीकडे वळल्या. त्यांनी भाजी चिरली, फोडणीला टाकली, पानं वाढली. श्यामकांतांना आपण बोललो याचीच लाज वाटली. बिचारीला जे एक ठिकाण उरलं आहे, तेच आपण मागायला गेलो.

वसुधाबाईंचे तीन दिवस संपल्यावर आलेल्या शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून ते घरी आले. संध्याकाळी पाहतात तो अक्का धुवट लुगडं नेसून दारात उभ्या.

"देवळात कीर्तन आहे. वसुधा, चल गं तूही."

"मी? अहो वन्सं, स्वयंपाक?"

"डाळ भिजत घातली आहे. श्याम घरीच आहे, मुलं काही उपाशी मरत नाहीत." आणि भावाकडे न बघता म्हणाल्या, "गूळ खालच्या डब्यात आहे. सांडलवंड केलीस तर पुसून घे."

दोघी परतल्या तेव्हा मुलांच्या केसांत पीठ होतं, शुभाच्या भुवईवर आमटी होती आणि नीला बापाच्या मांडीला टेकून अपूर्णांकांची तक्रार करत होती. अक्कांनी जमीन पाहिली आणि त्या पाटावर बसल्या. श्यामकांतांनी त्यांना वाढलं, वर तूप घातलं.

"कीर्तन कसं झालं?"

"चांगलं झालं," अक्का म्हणाल्या. "मीठ कमी आहे रे."

अक्का हात धुवायला मोरीत गेल्या, तशा वसुधाबाई नवऱ्याच्या कानाशी आल्या. "कीर्तन कसलं हो! देऊळ बंद होतं. पायरीवर बसून डास मारले दोन तास. मी तीनदा उठले, तर वन्संनी हाताला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, बस अजून थोडी, त्यांचं एवढ्यात आटपलं नसेल."