काठ कुटं गेला?
मुलीचं लाइफ जॅकेट गच्चीत वाळत घातलं आणि त्याच्या ओल्या, कुबट वासासरशी उजनीच्या धरणाचं पाणी डोळ्यांपुढे आलं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गाव त्या धरणात बुडालेलं. काही वर्षांपूर्वी अप्पा आणि मी तिथं एका कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्यानं हाकायच्या अरुंद होडीत बसताना शिकवणारा म्हणाला होता, "नवख्यांनी काठाकाठानंच फिरायचं. दुपारी वारं सुटतं." अप्पा हसले. "अहो, ह्या नदीत पोहतच वाढलोय की मी!" आणि त्यांनी कयाक थेट आत घातली, बुडालेल्या गावाच्या रोखानं. मध्यावर वारं सुटलंच. लाटा कुशीवर आदळू लागल्या, पायाशी गार पाणी साचलं, ओल्या हातांत वल्हं ठरेना. "अप्पा, मागं वळवा!" मी ओरडले. पुढं बसलेल्या अप्पांची पाठ हलेना. मग मान वळवून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "काठ कुटं गेला गं? आपली नदी एवढी रुंद न्हवती." शिकवणाऱ्यानं येऊन आम्हाला दोरीनं ओढून नेईपर्यंत मी त्या पाठीवरची नजर हलवली नाही. आता कयाकिंगला निघताना मी जॅकेट पुढं केलं की मुलगी चिडून म्हणते, "आई, मला पोहता येतं की!" मी विचारते, "कुठल्या पाण्यात?"