पंच्याण्णववर बंद पडणारं शेत

बायको गेली आणि तिचं शेत माझ्या गळ्यात पडलं. खरं शेत नाही, कॉम्प्युटरमधलं.

पोरगा पुण्याला नोकरीवर गेला तेव्हा त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर इथंच भिलाईच्या घरी ठेवून गेला. जाताना आईला शेतीचा एक गेम शिकवून गेला. ती भंडाऱ्याकडची, धानाच्या बांधीत वाढलेली. लग्न करून आली आणि सारा जन्म स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये गमल्यात कोथिंबीर लावत बसली. तिला तो गेम असा लागला की विचारू नका. दुपारची भांडी झाली की आतल्या खोलीत जाऊन ट्रॅक्टर चालवायची. मी बाहेरून ओरडायचो, "अवं, म्हातारपणी हे काय लावलं?"

आतून उत्तर, "तुमी पेपर वाचा तुमचा. मले गहू कापायचा हाय. मेल्यायच्या गेममध्ये धानच नाही!"

ती खेळत असताना मी कधी आत जाऊन पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळं गाडं तिथंच अडलं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी तो कॉम्प्युटर लावला. पोरानं फोनवर एकेक बटण सांगितलं. शेत उघडलं. गहू पिकून उभा होता. ट्रॅक्टर बांधावर, तिनं सोडला तिथंच. पाहतो न पाहतो तोच पंखा बोंबलायला लागला आणि पडदा काळा.

पुन्हा लावला, पुन्हा दहा मिनिटांत तेच. वर कोपऱ्यात एक आकडा दिसतो, प्रोसेसर किती तापला त्याचा. सत्तर, ऐंशी, पंच्याण्णव, की खेळ खलास.

"बाबा, प्रोसेसर गरम हो रहा है," पोरगा म्हणाला. "असा झटक्यानं बंद होत राहिला न, तर आईचं सेव्ह उडून जाईल. मग तिचं शेत गेलं. मी दिवाळीत येतो, कॉपी काढून ठेवतो. तोवर लावूच नका."

"दिवाळीपर्यंत मी काय भिंत पाहू?"

ऐकलं नाही मी. बत्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये फिटर होतो. लाल लोखंडाच्या बाजूला उभं राहून डबा खाल्ला आहे. कॉम्प्युटरच्या एवढ्याशा डब्याची गरमी मला उतरवता येऊ नये? मे महिना होता. पाण्याचा कूलर ओढत आणला आणि सरळ कॉम्प्युटरच्या तोंडावर लावला. खोलीत चादरी ओल्या झाल्या. आकडा पंच्याण्णव.

मग पोराच्या तोंडून कधीतरी निघालं की प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्या मधात एक पेस्ट असते, ती वाळते. आणली ट्यूब. डबा उघडला, पंखा काढला आणि अख्खी ट्यूब पिळली. प्लांटात आम्ही बेअरिंगला ग्रीस भरायचो ते बाजूनं बाहेर येईपर्यंत. बाहेर आलं की समजायचं, आत पोचलं. इथंही चारी बाजूंनी बाहेर आलं. म्हटलं, झालं काम. या वेळी सहा मिनिटांत बंद पडला.

शेवटी अंगोछ्यात गुंडाळून ऑटोनं नेहरू नगरच्या एका दुकानात नेला. दुकानदारानं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अंकल जी, पेस्ट लगाए हो कि पराठे पे मक्खन?"

"बत्तीस साल बेअरिंग में ग्रीस भरा हूँ."

"तो ये बेअरिंग थोड़ी है! इसमें चने के दाने जितना लगता है."

पुसलं, दाण्याएवढी पेस्ट लावली, धूळ काढली, एक तास माझ्यासमोर चालवलं. आकडा सत्तरच्या वर गेला नाही. छाती फुगवून घरी आणला. तारा जोडल्या, वरून तिनं शिवलेलं कव्हर चढवलं आणि लावला.

दहा मिनिटं. पंच्याण्णव. काळा.

मी शिव्या दिल्या. दुकानदाराला दिल्या, पोराला दिल्या, तिलाही दिल्या. जायचंच होतं तर गहू कापून जायचं होतंस. रागानं डब्यावर थाप मारली आणि हात मागं घेतला. कव्हर तापलं होतं, इस्त्रीखालच्या कपड्यासारखं.

हे कव्हर तिच्या जुन्या साडीचं, दुहेरी. आमच्याकडं प्लांटची लाल धूळ सगळ्यावर बसते, म्हणून तिनं टीव्हीला, मिक्सरला, कशाकशाला कव्हर शिवलं होतं. याला पुढून बटणापुरतं उघडं आणि मागून तारा निघायला फट होती. मला वाटलं, असं शिवलं म्हणजे चालू असतानाही अंगावर ठेवायचं. ती गेल्यापासून मी ते एकदाही उतरवून चालवलं नव्हतं. डब्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती.

ओढून काढलं. ठेवायला जागा नाही. कव्हरच्या एका कोपऱ्याला नाडीचा फास होता, आणि समोर भिंतीत खिळा. तो खिळा मीच ठोकला होता, कुरकुर करत.

"इथं खिळा कावून पायजे तुले? नव्यानं रंगवलेल्या भिंतीले भोक!"

"ठोका न गुपचूप. तुमाले काय करायचं?"

फास खिळ्यात बरोबर बसला. रोज दुपारी ती इथंच टांगत होती.

कॉम्प्युटर लावला. अर्धा तास झाला, आकडा अडुसष्ट. पोराला फोन केला.

"अरे वा! क्या किया?"

"कव्हर काढलं."

"चालू असताना कव्हर घालत होते? बाबा! आई तर रोज..."

"माहीत हाय मले," म्हटलं. माहीत कुठं होतं.

मग त्याला विचारत विचारत ट्रॅक्टर चालू केला, तिचा गहू कापावा म्हणून. मेला वळेचना. सरळ उभ्या पिकात घुसला, दोन पट्टे लोळवले. मी घाबरलो. "आता?"

"सेव्ह मत करना, बाबा. तसाच बंद करा. पुढच्या वेळी सगळं पहिल्यासारखं राहील."

बंद केला. डबा थंड होईपर्यंत बसलो, मग खिळ्यावरून कव्हर काढून त्याच्यावर घातलं. उद्या दुपारी पुन्हा पाहतो. गहू उभा असेल.