विदर्भात हवामान कोरडे राहील

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या सदर भागातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे काय, तर बाजारभाव, गाड्यांच्या वेळा, निधनवार्ता आणि हवामान. वशिल्याची पोरं मोठ्या बातम्यांवर आणि मी उन्हाच्या आकड्यांवर, असा माझा समज होता, आणि त्यापायी मी दिसेल त्याच्यावर डाफरत असे.

हवामानाचा कागद संध्याकाळी एक शिपाई सायकलवरून आणून देई. इंग्रजीत टाइप केलेला अर्धा ताव. त्याचं मराठी करून मी खाली छापखान्यात पाठवायचं. रविवारच्या अंकात येत्या आठवड्याचा अंदाज असे. पण नागपूरच्या मे महिन्यात अंदाज कसला डोंबलाचा? 'विदर्भात हवामान कोरडे राहील. तापमानात विशेष बदल संभवत नाही.' ही दोन वाक्यं खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं सुतळीनं बांधून फळीवर ठेवूनच दिली होती. रोज तीच अक्षरं कोण जुळवत बसणार? नुसते आकडे बदलायचे. पावसाळा लागेपर्यंत ती सुतळी सुटत नसे, आणि आम्ही दोघं त्याला आमची हुशारी समजत होतो.

हा मजकूर मन लावून ऐकणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता, माझा बाप. इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत आमचं घर आणि घरात बाबांचा हातमाग. बाबांना वाचता येत नव्हतं. धाकटी बहीण मॅट्रिक झालेली. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं. सकाळी चुलीवर चहा ठेवून ती हवामान वाचून दाखवी. त्याखाली माझं नाव नसे, तरी बाबा सगळ्या गल्लीला सांगत की हे आमच्या पोराचं लिहिणं आहे. मला त्याची लाज वाटायची.

बाबांचं कामच तसं होतं. विणण्याआधी ताण्याची पाजणी करावी लागते. भल्या पहाटे उभे धागे बांबूंवर गल्लीभर ताणायचे, त्यांना तांदळाची खळ लावायची आणि ती सुकेपर्यंत कुंच्यानं विंचरत राहायचं. ओल्या धाग्यांवर वारा सुटला की ते एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. मग ब्रह्मदेव आला तरी ते सुटत नाहीत.

त्या वर्षी बहिणीचं लग्न कामठीला ठरलं होतं, ज्येष्ठात. आमच्या घरातली पोर बापाच्या मागावरचं लुगडं नेसूनच मांडवात उभी राहायची. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुटलेला धागा ते बोटांनी शोधत. हे लुगडं शेवटचं, हे त्यांनी बोलून दाखवलं होतं. हिवाळाभर बसून त्यांनी त्यासाठी बारीक सूत गोळा केलं होतं आणि काठाला डाळिंबी रंग स्वतः निवडला होता. बहीण येताजाता त्या सुताला हात लावून बघायची.

पाजणी रविवारी धरली. शनिवारी संध्याकाळी हवामानाचा कागद आला तेव्हा माझे मित्र खाली उसाच्या रसाला थांबले होते. मी कागदावरचा आकडा तेवढा पाहिला, घडी घालून कागद सदऱ्याच्या खिशात कोंबला, आणि उतरताना म्हाताऱ्याला म्हणालो की कालचंच लावा, फक्त आकडा सेहेचाळीस करा.

रविवारी पहाटेच गल्लीत ताणा चढला. मी एका टोकाला होतो. हवा मात्र कुंद होती, खळ सुकता सुकेना. नऊच्या पुढे कामठीकडचं आभाळ काळवंडलं. शेजारच्या काकांनी आपला ताणा अर्धवट गुंडाळला आणि बाबांनाही गुंडाळायला सांगितलं. बाबांनी बहिणीला हाक मारली, पेपर पुन्हा वाचायला लावला, आणि काकांना म्हणाले, "कोरडं हाय म्हून लिहिलं हाय. माह्या पोरानं लिहिलं हाय."

ताणा तसाच राहिला. पाऊण तासात वावटळ आली. बांबू आडवे झाले, गल्लीतली सगळी धूळ खळीवर बसली आणि वरून गारा. आम्ही दारात पळालो. कालचाच सदरा अंगात होता. खिशातला कागद काढून मी तिथंच वाचला. आकड्याखाली दुसरा परिच्छेद होता. रविवारपासून तीन दिवस नागपूर भागात गडगडाटासह वादळी वारे, तुरळक ठिकाणी गारा. मी कागद परत खिशात ठेवला.

पाऊस थांबल्यावर बाबा चिखलात उकिडवे बसले आणि धाग्यांची टोकं चाचपू लागले. बराच वेळ चाचपत होते. बहीण पलीकडून टोकं जुळवत होती, ती जुळणार नाहीत हे दिसत असून. काकांनी पेपरवाल्यांचा उद्धार केला. बाबा मान वर न करता म्हणाले, "पेपरवाल्यानं काय करावं गा? वारं का कोनाले इचारून येते?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी आडवे झालेले बांबू उचलायला लागलो.

बहीण बाजारातलं लुगडं नेसून मांडवात उभी राहिली. बाबांनी माग बंद केला. त्यावर गोधड्या रचल्या गेल्या. पण रोज संध्याकाळी मी सायकल भिंतीला लावली की आतून विचारायचे, "उद्याचं कसं हाय गा?" आता उद्या वारा सुटला काय न सुटला काय, त्यांचं काय अडणार होतं? मला वाटे, म्हातारा मुद्दाम जखमेवर बोट ठेवतो. मी तुटक उत्तर देई. पण उत्तर चुकण्याची भीती एवढी बसली की मी रोज तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागलो आणि एक दिवस छापखान्यातल्या म्हाताऱ्याला ती सुतळीही सोडायला लावली. असं आठ वर्षं चाललं. शेवटच्या मे महिन्यात बाबा खाटेवरून उठत नव्हते, तरी विचारत.

ते गेल्यावर वर्षभरानं मी कामठीला बहिणीकडे गेलो होतो. बाहेर वारा सुटला होता, ती वाळत घातलेले कपडे काढत होती. अखेर मी तिला त्या कागदाचं सांगितलं. तिनं हातातले कपडे खाली ठेवले नाहीत.

"मले मालूम हाय दादा," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सदरा धुताना खिशात भेटला. मीच बाबाले मराठीत वाचून दाखवला."

बाबांनी तो कागद तिच्याकडून दोनदा वाचून घेतला होता. मग चुलीत टाकायला लावला आणि तिला सांगितलं, "त्याले काई बोलू नको वं. लिहिनं सोडून देईन तो. मी रोज इचारत जाईन, म्हंजे तो पुरं वाचून येईन."

मी तिच्यासमोर रडलो. तिनं मला रडू दिलं. मग कपडे आत ठेवून आली आणि चहा टाकायला गेली. उद्या पाऊस आहे का, हे मात्र तिनं मला विचारलं नाही. हवामानाचा कागद मी पुरा वाचून आलो होतो.