अलिबाग ते रेवदंडा, आईला पुढच्या सीटवर बसवून

हे पिंपरीच्या नव्या कंपनीत लागले आणि आम्ही आईसह चिंचवडला दोन खोल्या घेऊन राहू लागलो, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बेत होता. अलिबागहून रेवदंड्यापर्यंत मोटारीतून जायचं. रस्ता लहानसा, पाच कोसांचा. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या आणि उजव्या हाताला झाडांच्या फटीतून मधूनमधून समुद्र. लोक तिथे हवा खायला जातात. मला मात्र त्या रस्त्यावर राहणाऱ्या काकाला मोटार दाखवायची होती.

मी सात-आठ वर्षांची असताना वडील वारले. काकाने आणि काकीने महिन्याच्या आत आम्हाला घराबाहेर काढलं. आई, मी आणि आईच्या खांद्यावर तापाने फणफणलेला माझा भाऊ. मामाचं घर रेवदंड्याला. अंगणात बैलगाडी सोडलेली होती. ती द्या म्हणून आईने पदर पसरला. काकी ओटीवरून म्हणाली, "भर उन्हात बैल जुंपायचे नाहीत आमचे." वैशाख होता. आम्ही चालत गेलो. भाऊ त्या तापातून उठला नाही.

एवढं एक पोटात ठेवून मी मोठी झाले.

मोटार मिळाली ती शेजारच्या गॅरेजवाल्याची. हा रहाटणीचा, जुन्या शेतकरी घरातला माणूस. पुणे-मुंबई रस्त्यावर त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं आणि मोडीत निघालेली एक काळी गाडी त्याने स्वतः उभी केली होती. यांची आणि त्याची चांगली गट्टी. मी समुद्राचं नाव काढल्याबरोबर तो म्हणाला, "वहिनी, आमी अजून दर्या बघितलेला न्हाई. गाडी माझी, रस्ता तुमचा."

रस्ता मी ठरवला. ह्यांचं म्हणणं, आधी रेवदंड्याला मामाकडे उतरू, मग सावकाश अलिबागकडे येऊ. मी ऐकलं नाही. अलिबागकडून गेलं तर काकाचं घर डाव्या हाताला येतं आणि पुढच्या सीटवर बसणारं माणूस डावीकडेच असतं. तिथे आई बसणार होती. दुपारचं जेवून काका ओटीवर झोपाळ्यावर बसतो, तेव्हाच गाडी तिथून गेली पाहिजे. हॉर्न कुठे वाजवायचा, हेही मी गॅरेजवाल्याला सांगून ठेवलं. आईसाठी ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं, नवा चष्मा केला. यांनी एकदा विचारलं, "एवढी तयारी कशाला? समुद्र काय लुगडं बघणार आहे?" मी लुगड्याची घडी घातली.

आईला मी बेत सांगितला नव्हता. तीही काही विचारत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी तांदूळ निवडताना एवढंच म्हणाली, "ते घर अजून तिथेच असेल ना?"

पहाटे निघालो. घाट उतरलो, खाडी ओलांडली आणि अलिबागला पोहोचलो. गॅरेजवाला सरळ पाण्यात उतरला. मग ओंजळीत पाणी घेऊन त्याने चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मला धीर नव्हता. जेवणं उरकून मी सगळ्यांना गाडीत बसवलं.

घर दिसलं. ओटी रिकामी होती. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या लोंबत होत्या. घरासमोर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिने हात केला. गॅरेजवाल्याने हॉर्न वाजवला तो माझ्या सांगण्यावरून, पण तिला वाटलं आपल्यासाठीच वाजवला. ती पुढे आली. मी तिला ओळखलं. चेहरा सुकला होता, पण हनुवटी तशीच वर.

"रेवदंड्याला लेकीकडे जायचंय," ती म्हणाली. "सकाळपासून सर्व्हिसची मोटार आली नाही. नेता का?"

मी नको म्हणणार तोच आई म्हणाली, "या ना. बसा."

काकी मागे माझ्या शेजारी बसली. मांडीवर आंब्यांची टोपली. तिने आम्हाला ओळखलं नाही. आईचे केस पांढरे झालेले, वर चष्मा, वर मोटार. मोटारीत बसलेल्या बाईत ती आपली जाऊ कशाला शोधेल?

आईने मागे न वळता विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोण असणार? मालक गेले मागल्या पावसाळ्यात. मुलगा मुंबईला."

काका मेला होता. आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं. इतकी वर्षं ज्याला मोटार दाखवायची म्हणून झुरले, तो आधीच सुटला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"एक धाकटी जाऊ होती ना तुम्हाला?" आई म्हणाली.

काकीने मांडीवरची टोपली सावरली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"रेवदंड्याला ऐकलं होतं."

"होती. नवरा मेला आणि निघून गेली माहेरी. आम्ही किती विनवलं. गाडी जुंपून देते म्हटलं, तर तोऱ्याने चालत गेली. पोर आजारी होतं, त्याचीही कीव नाही केली बयेने."

नागाव मागे पडलं होतं. उजवीकडे झाडी विरळ होऊन समुद्र दिसू लागला होता, उन्हाने पांढरा झालेला.

"गाडी थांबव रे बाबा," आई म्हणाली.

गाडी थांबली. आई उतरली, मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "उतरा, जाऊबाई."

काकी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरत गेला, तो मी डोळे भरून पाहिला. तो क्षण मला अजून गोड वाटतो आणि त्याची मला लाज नाही.

"अगं, मी तसं नव्हते म्हणत..."

"उतरा."

ती उतरली. आईने टोपली उचलली आणि नीट तोल सांभाळून तिच्या डोक्यावर दिली, बायका पाणवठ्यावर एकमेकींना हंडा देतात तशी. मग आपल्या जागेवर येऊन बसली.

गॅरेजवाल्याने गाडी सुरू केली नाही. "मावशी," तो म्हणाला, "म्हातारं मानूस हाय. ऊन लई हाय."

"चालेल ती. मी चालले होते."

ह्यांनीही काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला. गाडी निघाली. मी मागच्या काचेतून बघत होते. ती तिथेच उभी होती, टोपली दोन्ही हातांनी धरून. वळण आलं आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी रेवदंड्याला मामाकडे आई पोटभर जेवली. परतताना त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. गॅरेजवाला मात्र आमच्याशी धड बोलेना. चिंचवडला आल्यावरही कितीतरी दिवस तो यांना रस्त्यात भेटला की नुसती मान हलवायचा.

दिवाळीनंतर एकदा तो दारात आला. त्याच्या आईलाही दर्या बघायचा होता. रस्ता पुन्हा सांगा म्हणाला. मी सांगितला. जाता जाता त्याने विचारलं, "त्या म्हातारीचं घर कंचं ते? ध्यानात न्हाई ऱ्हायलं." मी तेही सांगितलं.

परत आल्यावर तो मुद्दाम आमच्याकडे आला. काकीला भेटला होता. तिचे पाय तेव्हा चांगलेच पोळले होते, पण ती लेकीच्या घरी पोहोचली होती. "म्हातारी आळीत समद्यांना सांगत्यात," तो म्हणाला, "कोनी मोटारवाली मस्तवाल बाई हुती, उगाच मधीच उतरवून दिलं म्हनून. मी बी काय बोललो न्हाई."

मला चीड आली. गावाला खरं कळेल, चार तोंडांनी बोललं जाईल, निदान आता तरी आमचं नाव निघेल, असं मी धरून चालले होते. तिने आम्हाला पुन्हा एकदा काढून टाकलं होतं.

मी आत जाऊन आईला ते सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं.

"ती नाहीच सांगणार," आई म्हणाली. "पण तिला ठाऊक आहे."

आणि तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मला म्हणाली, "त्या गॅरेजवाल्याला जेवायला थांबव."